परीक्षकांच्या रांगेत शेतकरी हवा

हिवाळा सुरू झाला की महाराष्ट्रातल्या विद्यापीठांत ‘आविष्कार’ची लगबग सुरू होते. कुलपती या नात्याने राज्यपालांच्या पुढाकारातून २००६ साली सुरू झालेली ही आंतरविद्यापीठ संशोधन स्पर्धा. महाविद्यालयापासून निघालेला विद्यार्थी विद्यापीठाच्या फेऱ्या पार करत राज्य पातळीपर्यंत पोहोचतो. स्पर्धेचे सहा गट आहेत आणि त्यांतला एक गट ‘कृषी आणि पशुसंवर्धन’ असा आहे. भिंतीला किंवा फळीला लावलेलं पोस्टर, शेजारी उभा असलेला पदवीचा किंवा पदव्युत्तर विद्यार्थी, समोर हातात गुणपत्रक घेतलेले दोन-तीन परीक्षक आणि काही मिनिटांची प्रश्नोत्तरं, असं या फेरीचं स्वरूप असतं. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली या आपल्या चार कृषी विद्यापीठांमधल्या परिषदांत आणि चर्चासत्रांतही पोस्टरच्या अशाच फेऱ्या होतात. परीक्षक म्हणून बहुधा प्राध्यापक असतात, शास्त्रज्ञ असतात, कधी एखाद्या कंपनीचे तज्ज्ञ असतात. ज्याच्या पिकावर, जनावरावर किंवा मातीवर ते संशोधन बेतलेलं असतं, तो शेतकरी मात्र त्या रांगेत नसतो. उद्घाटनाला प्रगतिशील शेतकऱ्याचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार होतो, पण गुण देण्याचं काम त्याच्याकडे येत नाही. शेती संशोधनाच्या पोस्टर स्पर्धेत शेतकऱ्याला परीक्षक केलंच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. त्याचा मान राखावा, एवढ्यासाठी मी हे म्हणत नाही. त्याच्या प्रश्नांनी संशोधन अधिक पक्कं होईल, म्हणून म्हणतो.

पोस्टर हा वैज्ञानिक संवादाचा तसा नवाच प्रकार आहे. युरोपातल्या जीवरसायनशास्त्रज्ञांच्या १९६९ सालच्या माद्रिद परिषदेत पोस्टरची रीतसर फेरी झाली आणि १९७४ मध्ये अमेरिकेत मिनियापोलिसला ही पद्धत पोहोचली. कारण व्यवहारी होतं: निबंध वाचणारे वाढले आणि सभागृहं व तास अपुरे पडू लागले. पण या सोयीतून एक वेगळीच गोष्ट साधली. व्यासपीठावरून निबंध वाचणारा एकतर्फी बोलून खाली उतरू शकतो. पोस्टरजवळ उभ्या असलेल्याला समोरच्या माणसाच्या डोळ्याला डोळा भिडवून उत्तर द्यावं लागतं. पोस्टरचं खरं बळ इथे आहे, आणि आपण ते वाया घालवतो. प्रस्तावना, उद्दिष्टं, साहित्य व पद्धती, दाट छापलेले तक्ते, निष्कर्ष आणि तळाशी संदर्भसूची, असा प्रबंधच आकसून फलकावर बसवला जातो. ‘उपचार क्रमांक सात सांख्यिकीदृष्ट्या सरस आढळला’ एवढ्यावर निष्कर्ष संपतो. सातव्या उपचारात नेमकं काय केलं होतं, हे कळायला पुन्हा वर जाऊन तक्ता शोधावा लागतो. अमेरिकेत माइक मॉरिसन या मानसशास्त्राच्या संशोधक विद्यार्थ्याने २०१९ मध्ये या रचनेवर बोट ठेवलं आणि फलकाच्या मधोमध, लांबून वाचता येईल अशा ठळक अक्षरांत, मुख्य निष्कर्ष सोप्या भाषेत एका वाक्यात लिहावा असं सुचवलं. अनेक देशांतल्या संशोधकांनी ते उचललं. आपल्या शेती विद्यार्थ्यांना तर त्याची सगळ्यांत जास्त गरज आहे.

ही गरज इतिहास किंवा भौतिकशास्त्रापेक्षा शेतीत अधिक का, असं कोणी विचारेल. शेती संशोधनाचं समर्थन आपण ज्या कारणासाठी करतो, त्यातच याचं उत्तर आहे. जागतिक बँकेचा २००८ सालचा जागतिक विकास अहवाल ‘विकासासाठी शेती’ या विषयाला वाहिलेला होता. पंचवीस वर्षांनंतर बँकेने आपल्या या वार्षिक अहवालासाठी शेती हा विषय घेतला होता. विकसनशील देशांतल्या दर चार गरिबांपैकी तिघे खेड्यात राहतात, आणि शेतीतून होणारी वाढ इतर क्षेत्रांतून होणाऱ्या वाढीच्या निदान दुप्पट प्रमाणात गरिबी कमी करते, असं त्यात आकडेवारीसह मांडलं होतं. या विधानाआड एक अट आहे. वाढ लहान शेतकऱ्याच्या रानात झाली, तरच हा दुपटीचा हिशेब जुळतो. भारतातल्या २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार सुमारे ८६ टक्के खातेदार दोन हेक्टरांच्या आतले आहेत. प्रक्षेत्रावर हेक्टरी पाच क्विंटल जास्त आले आणि ते तंत्र या ८६ टक्क्यांच्या बांधापर्यंत गेलंच नाही, तर शास्त्राच्या दृष्टीने तो निष्कर्ष खरा राहील. विकासात मात्र त्याची भर पडणार नाही.

ते तंत्र बांधापर्यंत किती जातं, याचं एक मोजमाप उपलब्ध आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाने २००३ मध्ये शेतकरी कुटुंबांना आधुनिक तंत्राची माहिती कुठून मिळते हे विचारलं होतं. साठ टक्के कुटुंबांना कुठूनच मिळत नव्हती. एकूण कुटुंबांपैकी इतर प्रगतिशील शेतकऱ्यांकडून माहिती घेणारी सुमारे १७ टक्के, निविष्ठा विक्रेत्यांकडून घेणारी १३ टक्के आणि रेडिओवरून घेणारीही १३ टक्के होती. सरकारी विस्तार कर्मचाऱ्याचा वाटा सहा टक्क्यांच्या आत होता आणि कृषी विज्ञान केंद्राचा एक टक्काही नव्हता. त्यानंतर मोबाइल आले, व्हॉट्सॲपचे गट आले, यूट्यूबवर शेतीच्या शेकडो वाहिन्या झाल्या, त्यामुळे आजचे आकडे तसेच असतील असं कोणी म्हणणार नाही. पण शेतकरी शेतकऱ्याचं ऐकतो आणि त्यानंतर कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवरच्या माणसाचं ऐकतो, ही त्यातून दिसलेली सवय मात्र खेड्यात कोणालाही ओळखीची वाटेल. विद्यापीठाचा माणूस या यादीत इतका खाली का, याची कारणं मनुष्यबळात आहेत, निधीत आहेत. आणि आपल्या तरुण संशोधकांना बोलायला आपण कोणासमोर उभं करतो, यातही आहेत.

कापसाचं उदाहरण सविस्तर पाहण्याजोगं आहे. बीटी कापसाला भारतात २००२ मध्ये परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांचं वाण आलं, आणि पुढच्या दशकभरात गुलाबी बोंडअळीने त्या दोन्ही जनुकांना पचवलं. २०१७ च्या हंगामात विदर्भ-मराठवाड्यात या अळीने कापसाची दैना केली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आणि कृषी विद्यापीठांनी यावर सांगितलेले उपाय शास्त्रशुद्ध आहेत: कामगंध सापळे लावून पतंग मोजा, सलग तीन रात्री सापळ्यामागे आठ पतंग आले किंवा दहा टक्के फुलं-बोंडं किडकी दिसली तरच फवारणी करा, आणि हंगाम डिसेंबरपर्यंत संपवून फरदड, म्हणजे त्याच पऱ्हाटीवरचं लांबवलेलं पीक, घेऊ नका. शेवटचा उपाय सगळ्यांत महत्त्वाचा आहे, कारण शेतात उभ्या राहिलेल्या पऱ्हाटीवरच अळीची पुढची पिढी पोसते. आता या विषयावरचं एखादं पोस्टर डोळ्यांसमोर आणा. फरदड घेतलेला प्लॉट, न घेतलेला प्लॉट, दोन्हींतलं अळीचं प्रमाण, दोन्हींचा नफा-खर्च. तज्ज्ञ परीक्षक पुनरावृत्ती किती केल्या, फरक लक्षणीय आहे का, हे विचारेल आणि ते विचारायलाच हवं. पण यवतमाळचा कोरडवाहू कापूस उत्पादक त्या जागी उभा असेल तर तो विचारेल, मी पऱ्हाटी उपटली आणि शेजाऱ्याने ठेवली तर काय? जानेवारीच्या वेचणीतून हाती येणारे पैसे गेले, तर त्या महिन्यात माझ्या घरात दुसरं काय येणार? पाण्याची एक पाळी हाताशी असताना मी उभं पीक का काढू? या प्रश्नांना ‘विस्ताराचे प्रश्न’ म्हणून बाजूला सारणं चुकीचं आहे. अळी एका शेतात थांबत नाही, म्हणून एका शेताचा प्रयोग तिच्याबद्दल अर्धंच सांगतो. शेजाऱ्याबद्दलचा तो प्रश्न म्हणजे प्रयोगाचं एकक शेत असावं की गाव, हा संशोधन पद्धतीतला कळीचा प्रश्न आहे. हा प्रश्न शेतकऱ्याला चटकन सुचतो, कारण तो त्याच्या रोजच्या जगण्यात आहे. विद्यार्थ्याला तो स्पर्धेत ऐकायला मिळाला, तर पुढच्या वर्षीचा प्रयोग तो एका प्लॉटवर थांबवणार नाही.

शेतकरी म्हणताना मी बाईलाही धरतो, आणि मजुरालाही. विदर्भात कापूस वेचतात त्या बहुतेक बायकाच, आणि त्यांची मजुरी किलोवर ठरते. सघन लागवडीवरच्या पोस्टरवर एकरी झाडांची संख्या आणि उत्पादन यांचा तक्ता असतो. दाट ओळींतून ओटीत कापूस घेऊन बाईने चालायचं कसं, दिवसाला किती किलो वेचून होईल, हा रकाना नसतो. वेचणीचा खर्च वाढला तर तो नफ्यातून वजा होणारच आहे, म्हणजे तो रकाना नसलेला हिशेब अपुरा आहे. फवारणीचंही तसंच. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसं गेली, त्यांत शेतकरी होते तसे फवारणी करणारे मजूरही होते. मिश्रणाने किती टक्के किडी मरतात हे पोस्टरवर दिसतं. उंच वाढलेल्या पिकात, उन्हात, हातमोजे आणि तोंडाला नीटसा पडदा नसताना तो पंप पाठीवर घेणाऱ्याचं काय होतं, हे विचारणारं माणूस परीक्षकांत हवं.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप बहुतेकांच्या ओठावर असेल: शेतकऱ्याला संशोधनातलं काय कळतं? पश्चिम भारतात नव्वदीच्या दशकात झालेल्या एका प्रकल्पात याचं उत्तर आहे. राजस्थान, गुजरात आणि मध्य प्रदेश यांच्या सीमेवरच्या भिल्ल गावांमध्ये कृभको या खत उत्पादक सहकारी संस्थेच्या कोरडवाहू शेती प्रकल्पातून विटकोम्ब आणि जोशी या पैदासकारांनी भाताचे अनेक वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले आणि निवड त्यांच्यावर सोपवली. शेतकऱ्यांनी ‘कलिंगा ३’ निवडला. हा वाण ओडिशात आधीच प्रसारित झाला होता, पण या भागासाठी त्याची शिफारसच नव्हती. लवकर येतो आणि दाणा चांगला, ही त्यांची कारणं होती. टंचाईच्या दिवसांत दोन आठवडे आधी घरात भात येणं म्हणजे काय, हे उत्पादनाच्या एकाच आकड्यात मावत नाही. आपल्याकडचं उदाहरण तर घरचंच आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यात नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या अल्पभूधारक शेतकऱ्याने ऐंशीच्या दशकात पटेल-३ या भाताच्या शेतात वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या हेरल्या, त्यांचं बी वेगळं ठेवून वर्षानुवर्षं निवड केली आणि त्यातून ‘एचएमटी’ हा बारीक तांदूळ उभा राहिला. निरखणं, वेगळं काढणं, पुन्हा पेरून पडताळणं, हे सगळं त्यांनी कुठल्याही पदवीशिवाय केलं. प्रयोगाची मांडणी आणि आकडेमोड तपासणं हे तज्ज्ञाचंच काम आहे आणि ते त्याच्याकडेच राहावं. शेतकऱ्याने उपयुक्ततेचे आणि समजावून सांगण्याचे गुण द्यावेत. शंभरांतले तीस-चाळीस गुण एवढ्यासाठी राखले, तरी तयारीची दिशा बदलेल.

दुसरा आक्षेप भाषेचा. विज्ञानाची भाषा इंग्रजी आहे, मराठीत पोस्टर करणारा विद्यार्थी राष्ट्रीय आणि आंतरराष्ट्रीय पातळीवर मागे पडेल, असं म्हटलं जातं. या भीतीला आधार आहे. शोधनिबंध इंग्रजीतच लिहावा लागतो आणि तो चांगल्या इंग्रजीत लिहिता यायला हवा. पण दोन्ही भाषा वापरायला फलकावर जागा आहे. मधलं मोठं वाक्य, आकृत्यांखालच्या ओळी आणि तोंडी मांडणी मराठीत असावी, तक्ते इंग्रजीत राहिले तरी चालेल. महाराष्ट्राच्या परंपरेला हे परकं नाही. शेती प्रयोगांच्या आकडेशास्त्रावर देशभरातल्या पिढ्यांनी जो ग्रंथ वापरला, तो १९५४ साली विनायक गोविंद पानसे आणि सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे पांडुरंग वासुदेव सुखात्मे या दोन मराठी माणसांनी लिहिला. सुखात्मे जागतिक अन्न व शेती संघटनेच्या सांख्यिकी विभागाचे प्रमुख होते. पीक कापणी प्रयोगातून उत्पादनाचा अंदाज बांधण्याची शास्त्रीय पद्धत या पिढीने घडवली, आणि ती पद्धत गावोगावच्या शेतात कोयता चालवूनच अमलात येते. गणित आणि शिवार यांत अंतर असलंच पाहिजे, असं त्यांच्या कामातून तरी दिसत नाही. शिवाय आपला निष्कर्ष मराठीत एका वाक्यात सांगता येत नसेल, तर तो अजून आपल्यालाच नीट उमगलेला नाही, ही शक्यता विद्यार्थ्याने गंभीरपणे घ्यावी.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. विद्यार्थ्याचा प्रयोग बहुधा एका हंगामाचा, एका जागेचा असतो. तो थेट शेतकऱ्यासमोर ठेवला आणि त्याने पुढच्या मृगात तसंच केलं, तर नुकसानीची जबाबदारी कोणाची? कृषी विद्यापीठांत एखादं तंत्र ‘शिफारस’ व्हायला अनेक हंगामांचे आणि अनेक ठिकाणचे निष्कर्ष लागतात, मग चारही विद्यापीठांच्या संयुक्त बैठकीत त्यावर चर्चा होते, आणि मगच ते विद्यापीठाच्या कृषी दैनंदिनीत छापलं जातं. ही चाळणी ढिली करावी असं मी सुचवत नाही. पोस्टरवर ‘ही शिफारस नाही’ हे स्पष्ट छापलं पाहिजे. कोणती जमीन, किती पाऊस, किती हंगाम, तेही मोठ्या अक्षरांत. अर्धवट माहितीचा धोका खरा आहे, पण तो गप्प राहून टळत नाही, कारण ती जागा रिकामी राहत नाही. विद्यापीठ बोललं नाही, तर औषधाच्या बाटलीवरचं लेबल आणि विक्रेत्याचा सल्ला बोलतो. उलट, मर्यादांसह सांगितलेला निष्कर्ष शेतकऱ्याला नीट कळतो, त्याचा पुरावा सोयाबीनच्या घरगुती बियाण्यात आहे. २०२० च्या खरिपात सोयाबीन उगवलं नाही अशा तक्रारी राज्यभरातून आल्या. त्याआधी आणि नंतरही कृषी खातं एक साधी चाचणी सांगत आलं आहे: शंभर दाणे मोजा, ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, आठवड्याभराने कोंब मोजा, सत्तर किंवा त्याहून जास्त उगवले तर नेहमीचं प्रमाण पेरा, कमी उगवले तर त्या हिशेबाने बियाणं वाढवा, फारच कमी असतील तर ते बी पेरू नका. ही चाचणी म्हणजे नमुना, टक्केवारी आणि निर्णयाची सीमारेषा आहे. संभाव्यतेवर बेतलेला निर्णय शेतकरी घरच्या ओट्यावर घेतो. एका हंगामाच्या प्रयोगावर किती विसंबावं हेही त्याला कळेल, कारण दोन पावसाळे सारखे नसतात हे त्याला कोणी शिकवावं लागत नाही.

शेतकरी परीक्षक झाले तर तात्काळ फायद्याच्या विषयांनाच बक्षिसं जातील आणि जमिनीचा सेंद्रिय कर्ब, भूजल, जनुकांचा अभ्यास असे संथ विषय मागे पडतील, अशीही एक शंका आहे. मूलभूत संशोधनासाठी वेगळा गट ठेवून ती बऱ्याच अंशी मिटवता येईल. त्याहून मोठा प्रश्न सध्याच्या पद्धतीत आधीच आहे. ‘फरक आढळला’ असं सांगणारं पोस्टर बक्षीस घेऊन जातं आणि ‘फरक आढळला नाही’ असं सांगणारं बहुधा फळीपर्यंतही येत नाही. शेतकऱ्याच्या दृष्टीने मात्र हा दुसरा निष्कर्ष कित्येकदा जास्त मोलाचा असतो. पिकावर फवारायची नाना नावांची टॉनिकं, वाढवर्धकं, जमिनीत टाकायची पाकिटं यांच्यावर एकरी हजारो रुपये जातात. त्यांतल्या एखाद्या प्रकाराने काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगात उत्पादन वाढलं नाही, असं एखाद्या विद्यार्थिनीने दाखवून दिलं, तर तिने शेतकऱ्याचा थेट खर्च वाचवला. खर्च वाचवणाऱ्या निष्कर्षाची किंमत शेतकरी परीक्षकाला लगेच कळेल. अशा पोस्टरसाठी वेगळं पारितोषिक ठेवायला हवं, आणि ते पहिल्या पारितोषिकाइतक्याच रकमेचं हवं.

यासाठी नवी यंत्रणा उभारावी लागणार नाही. कृषी पदवीच्या शेवटच्या वर्षाचे विद्यार्थी ग्रामीण कृषी कार्यानुभवासाठी खेड्यात राहतातच. तिथे शेतकऱ्यांनी विचारलेले प्रश्न नोंदवून घ्यावेत, त्यांतून पोस्टरचे विषय निघावेत, आणि स्पर्धा संपल्यावर तो फलक कपाटामागे न जाता त्याच गावाच्या ग्रामपंचायतीत, सोसायटीत किंवा आठवडी बाजारात लागावा. विद्यापीठांच्या शिवारफेऱ्यांना हजारो शेतकरी स्वखर्चाने येतात. त्याच दिवशी पोस्टरची फेरी ठेवली तर परीक्षक शोधत फिरावं लागणार नाही. चारही कृषी विद्यापीठांच्या कुलगुरूंना आणि ‘आविष्कार’च्या आयोजकांना माझी विनंती एवढीच आहे: येत्या हिवाळ्यात कृषी गटाच्या परीक्षक मंडळात दोन कोरडवाहू शेतकरी घ्या, त्यांतली एक बाई असू द्या, आणि त्यांच्या हाती गुणपत्रक मराठीत द्या.